एकेचाळीस गावांची नदी

तालुक्यात एका आठवड्यात अडतीस नव्या नद्या वाहू लागल्या आणि त्याची पहिली खबर पाटबंधारे खात्याला न लागता प्रा. वैजनाथ मरकड यांना लागली.

मरकडसर शेवगावच्या एका महाविद्यालयात तीस वर्षं भूगोल शिकवत होते. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला ‘माझ्या गावाचा भौगोलिक अभ्यास’ नावाचा वीस गुणांचा प्रकल्प असतो. त्याच्या एकेचाळीस फायली स्टाफरूमच्या टेबलावर येऊन पडल्या होत्या. सरांची तपासण्याची पद्धत ठरलेली होती. फाईल उघडायची, मुलाचं नाव वाचायचं, अनुक्रमणिका आहे का बघायचं, फाईल तळहातावर तोलायची आणि अठरा गुण द्यायचे. फारच जाड निघाली तर एकोणीस. त्या सोमवारी मात्र चहा यायला उशीर झाला आणि सरांच्या हातून एक फाईल वाचली गेली.

‘लिंबोणवाडी गावाच्या मधोमध एक बारमाही नदी वाहते. नदीच्या दोन्ही तीरांवर काळी कसदार जमीन असून ग्रामस्थांचे जीवन समृद्ध व समाधानी आहे.’

सर लिंबोणवाडीला आयुष्यात दोनदा गेले होते, दोन्ही वेळा लग्नाला, आणि दोन्ही वेळा हात धुवायला टँकरचं पाणी होतं. त्यांनी दुसरी फाईल उघडली. तिथेही नदी. तिसरीत नदी, शिवाय तीरावर आमराई. चहा आला, निवला, त्यावर साय धरली, तोवर सरांनी एकेचाळीस नद्या ओलांडल्या होत्या. यातली तीन गावं खरोखरच गोदावरीच्या अंगाला होती, त्यांना संशयाचा फायदा देता आला असता. बाकी अडतीस गावांत नदी बघायची तर टीव्ही लावावा लागे. भाषा मात्र गुळगुळीत. प्रत्येक फाईल ‘निष्कर्षतः असे म्हणता येईल की’ अशी संपत होती. तालुक्यातल्या मुलांना ‘निष्कर्षतः’ हा शब्द कधीपासून यायला लागला, याचं सरांना नवल वाटलं.

वर्गात जाऊन त्यांनी विचारलं. एकेचाळीसपैकी वर्गात सात जण होते, म्हणजे उपस्थिती नेहमीपेक्षा बरी होती. पहिल्या बाकावरच्या हर्षलनं, ज्याच्या वडिलांचं बसस्टँडजवळ हार्डवेअरचं दुकान होतं, सरळ सांगून टाकलं.

“एआयनं करून दिलं, सर. चार मिनिटं लागली. त्यातली तीन तर आमच्याकडं रेंज नाही म्हणून.”

“लाज नाही वाटत?”

“त्याला? त्याला कशाची वाटणार, सर.”

सरांनी त्याच दिवशी प्राचार्यांना लेखी तक्रार दिली. सर्वच्या सर्व एकेचाळीस विद्यार्थ्यांनी यंत्राकडून प्रकल्प लिहून घेतले असून सर्वांना शून्य गुण द्यावेत.

प्राचार्य सुनील काटे हे काळाबरोबर चालणारे गृहस्थ होते. मागच्याच महिन्यात त्यांनी ‘अध्यापनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रभावी वापर’ या विषयावर कार्यशाळा घेतली होती. तिच्यातली बासुंदी अजून लोकांच्या लक्षात होती. त्यांनी तक्रार दोनदा वाचली.

“मरकडसर, सगळेच नापास? अहो, विद्यापीठ विचारेल की मुलं शिकली नाहीत का तुम्ही शिकवलं नाही.”

“मी दिलेल्या नोट्स पूर्ण आहेत.”

“ते झालंच. पण शनिवारी पाच वाजता पोर्टल बंद होतं. तोवर भरले तर गुण, नाही तर गैरहजर. म्हणजे पोरांचं वर्ष गेलं. बघा, तत्त्वाचा प्रश्न असेल तर माझी सही घ्या.” असं म्हणून त्यांनी एक परिपत्रक काढलं. प्रकल्पासाठी एआय वापरणाऱ्यांवर कडक कारवाई होईल, असं त्यात बजावलं होतं. शेवटचं वाक्य ‘निष्कर्षतः असे म्हणता येईल की’ असं सुरू होत होतं. सरांनी ते वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

मंगळवारी सकाळी स्टाफरूमच्या दारात रोहिणी उभी होती. लिंबोणवाडीची ती फाईल हिचीच. आईबाप ऊसतोडीला लांबच्या कारखान्यावर, ही वसतिगृहात राहून शिकणारी, आणि वर्गातल्या कायमच्या सातांपैकी एक.

“सर, मला नापास करू नका असं म्हणायला नाही आले.”

“मग?”

“म्हणजे, त्यासाठीच आलेय. पण आधी दुसरं सांगते.” तिनं श्वास घेतला. “वर्ष गेलं तर बी.एड. गेलं. आण्णा म्हणतील, दसऱ्याला आमच्याबरोबर चल. एकदा गाडीत बसले की मी काही परत वर्गात येत नाही, सर. आमच्या वाडीतल्या चार पोरी तशाच गेल्या.”

“हे प्रकल्प लिहिताना सुचायला हवं होतं. लिंबोणवाडीत नदी कुठून आणलीस?”

रोहिणीनं पिशवीतून एक झेरॉक्स काढली. इतक्यांदा झेरॉक्सची झेरॉक्स झाली होती की अक्षरांना मिशा फुटल्या होत्या. वर लिहिलं होतं: ‘नमुना प्रकल्प. प्रा. वै. भा. मरकड.’

“सगळ्यांनी याचा फोटो काढून मोबाईलला दिला, सर. म्हटलं, असाच आमच्या गावाचा करून दे. त्यानं गावाचं नाव बदललं. नदी त्याची नाही. तुमचीय.”

सरांनी कागद हातात घेतला. तिसऱ्या ओळीतच नदी होती. बारमाही. दोन्ही तीरांवर काळी कसदार जमीन.

मुलगी गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं. कपाटात तीस वर्षांच्या फायली होत्या, कारण नियमाप्रमाणे पाचच वर्षं ठेवायच्या असतात आणि उचलून टाकायचं काम कुणाचं ते ठरत नव्हतं. सर खाली फरशीवर बसले आणि हाताला येईल ती फाईल उघडत गेले. अठ्ठ्याण्णव सालची: नदी. दोन हजार तीन: नदी, बाजूला रंगीत पेन्सिलीनं काढलेली होडी. दोन हजार अकरा: नदी. तेव्हा एआय नव्हतं, साधा मोबाईलही अर्ध्या मुलांकडे नव्हता. मुलांनी ती आपल्या हातानं, सुवाच्य अक्षरात, समासाची जागा सोडून उतरवून काढली होती. प्रत्येक फायलीवर सरांच्या लाल पेनानं अठरा.

यंत्रानं चार मिनिटांत जे केलं, तेच सर तीस वर्षं मुलांकडून चार-चार दिवस राबवून करून घेत होते. फरक असलाच तर होडीचा.

शिपाई डोकावला, सरांना खाली बसलेलं बघून “काय सांडलं का, सर?” म्हणाला, आणि सर “व्हय, जरा” म्हणाले.

दरवर्षी ते मुलांची सहल हिवरे बाजारला नेत. मुलांच्या लक्षात वाटेतली भेळ राही. सरांच्या मात्र त्या दुपारी वेगळीच गोष्ट लक्षात आली. तिथे पाऊस किती पडला, पाणी किती मुरलं, हे मोजून ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचतात, आणि मगच यंदा कुठलं पीक घ्यायचं ते ठरतं. मोजणाऱ्याचं चुकलं तर टोकणारा समोरच बसलेला असतो. आपल्या एकेचाळीस फायली ज्या गावांवर लिहिल्या, त्या गावांनी आजवर एकही ऐकलेली नव्हती.

बुधवारी वर्गात अडतीस जण आले. नापास व्हायची बातमी उपस्थितीला फार चांगली असते.

“मोबाईल काढा,” सर म्हणाले.

कुणी काढला नाही. सगळ्यांना वाटलं जप्ती आहे.

“काढा रे. तो वापरल्याबद्दल मी तक्रार केली होती, आता वापरल्याशिवाय गुण नाहीत. तुमची ती फाईल घेऊन गावात जायचं. चार डोकी जमवायची आणि मोठ्यानं वाचायची. जो आक्षेप घेईल त्याचं नाव, त्याचं म्हणणं, खाली सही. मग मोबाईलला सांगायचं, बाबा, तुला आमचं गाव ठाऊक नाही, लिहू नकोस, आम्हाला प्रश्न विचार. त्याचे प्रश्न गावाला विचारायचे. गुण आक्षेपांना आणि उत्तरांना. ज्याच्या फायलीला एकही आक्षेप नाही, त्याला भोपळा.”

वर्गात चुळबूळ झाली. हर्षल उठला. “सर, आक्षेपसुद्धा एआयकडूनच घेतले तर?”

“घे की. सही नाही तर अंगठा तेवढा त्याचा आण.”

वर्ग हसला. सरांच्या ध्यानात आलं की आपल्या तासाला हसण्याचा आवाज बऱ्याच वर्षांनी झाला, आणि तो मागच्या दारातून निघालेल्या मुलांचा नव्हता.

“पहिलं वाचन कुठं?” त्यांनी विचारलं.

“लिंबोणवाडी,” रोहिणी म्हणाली. “तुम्ही यायचं, सर.”

गुरुवारी दहा वाजता मरकडसर आपल्या स्प्लेंडरवरून लिंबोणवाडीच्या मारुतीसमोर उतरले. वाटेत नदी लागते का, हे त्यांनी इमानदारीनं बघितलं. पारावर वीस-पंचवीस माणसं होती, बहुतेक साठीपुढची. मधोमध पोतं टाकून छबूबाई बसली होती. गावातलं सगळ्यात जुनं माणूस. सरपंच आप्पासाहेब पांढऱ्या कपड्यात पुढे आले आणि वाकून सरांच्या पाया पडले.

“वळखलं का, सर? दोन हजार तीनची बॅच.”

सरांनी ओळखल्यासारखं केलं.

रोहिणीनं वाचायला सुरुवात केली. “लिंबोणवाडी गावाच्या मधोमध एक बारमाही नदी वाहते—”

“कुटं?” छबूबाई म्हणाली.

“गावाच्या मधोमध, आज्जी.”

“आगं, मधोमध तर आमचं घर हाय. मला सत्तर वर्सं झाली नांदायला येऊन. अजून पाय भिजला न्हाई.”

पार खदखदा हसला. कुणी म्हणालं, नदी मंजूर झाली असंल, काम सुरू व्हायचंय. कुणी म्हणालं, कागदावर पूल बी झाला असंल. रोहिणी खाली मान घालून ‘आक्षेप पहिला, छबूबाई’ असं लिहीत होती. आप्पासाहेब मात्र हसले नाहीत. ते जरा खाकरले.

“सर, बोलू का? ही नदी मला वळखीची वाटती. दोन हजार तीनला मी बी हीच लिहिली हुती. वर होडी काढली हुती. तुमी अठरा मार्क दिले.”

सगळी तोंडं सरांकडे वळली. सर म्हणू शकले असते की मुलांनी नमुना समजून घ्यायला हवा होता. प्राध्यापकाला अशी वाक्यं तोंडपाठ असतात. त्यांनी रोहिणीकडे पाहिलं. तिच्या हातात पेन तयार होतं आणि त्या पेनाला कुणाचंही नाव चाललं असतं.

“लिही,” सर म्हणाले. “नदी प्राध्यापक मरकड यांची आहे. माझ्या मामाच्या गावची, गोदाकाठची. एम.ए.ला असताना मी ती स्वतः मोजली होती, कंबरभर पाण्यात उभं राहून. मामा काठावरून ओरडत होते, वैजनाथ, मर तिकडं. चांगलं काम होतं ते. मग नोकरी लागली आणि मी तेच सगळ्यांना देत राहिलो. तीस वर्षं मोजायला म्हणून कुठल्याच गावात पाय टाकला नाही. मोबाईलनं तीच उचलली. त्याला काय ठाऊक.”

मग छबूबाई म्हणाली, “मंजी मास्तर, तुमची नदी खरी हुती, फकस्त गाव दुसऱ्याचं हुतं.”

“व्हय, आज्जी.”

“मग बसा की खाली. उबे काय राह्यले?”

सर पोत्याच्या कडेला बसले. रोहिणीनं मोबाईलला सांगितलं, आता तू विचार. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला: गावाची लोकसंख्या किती?

“कंच्या म्हयन्यात?” छबूबाईनं उलट विचारलं.

रोहिणीनं कागदावरून मान वर केली.

“दसऱ्याच्या आधी इचार, नऊशे भरत्याल. आता इचार, तीनशे बी न्हाईत. निम्मं गाव उसाच्या फडात हाय. हिचे आईबाप तितंच हायेत. पावसाळ्यात एक गाव, हिवाळ्यात एक. त्याला सांग, दोन रकाने कर.”

मरकडसरांनी तीस वर्षं लोकसंख्येचा तक्ता शिकवला होता. त्यात स्त्रिया होत्या, पुरुष होते, साक्षर होते, घनता होती. महिना नव्हता. त्यांनी खिशातली डायरी काढली आणि स्वतःसाठी लिहून घेतलं.

दुसरा प्रश्न विहिरींचा होता. कोणत्या महिन्यात पाणी किती खाली जातं?

“संक्रांतीला एक कासरा,” छबूबाई बोटांवर मोजत म्हणाली, “शिमग्याला दोन, अन् पाडव्याला कासरा बी संपतो अन् पानी बी.”

मोबाईलनं नम्रपणे विचारलं: एक कासरा म्हणजे किती मीटर?

इथे सभा पेटली. बैलाला बांधायचा दोर तो कासरा, एवढ्यावर एकमत होतं. पुढे नाही. आप्पासाहेब म्हणाले बारा हात. छबूबाई म्हणाली दहा, अन् बारा हाताचा कासरा नायलॉनचा, बाजारातला, त्यानं पानी मोजायचं नसतं. मागून एकजण म्हणाला हात कुणाचा धरायचा, आप्पासाहेबांचा का आज्जीचा. शेवटी दोन्ही कासरे मागवण्यात आले. सरांनी पिशवीतून मोजपट्टी काढली, जी दोन हजार साली खरेदी झाली होती आणि अजून वेष्टनात होती. त्यांनी एक टोक धरलं, दुसरं रोहिणीनं, आणि छबूबाई मधून चालत गेली, पट्टी ताणली आहे ना बघत. जुना कासरा साडेचार मीटर भरला. नवा पाच मीटर चाळीस.

“लिव्ह तुझ्या त्या मोबाईलमदी,” छबूबाई म्हणाली, “जुना धर म्हणावं. अन् त्याला सांग, लई चांगलं इचारतोय. इतकं आजवर कुणी इचारलं न्हाई.”

सरांनी मान डोलावली. ते ‘कुणी’ कोण, हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

शुक्रवारपासून फायली यायला लागल्या. काही चार पानांच्या, काही हळदीचे डाग पडलेल्या, एकीवर सह्यांपेक्षा अंगठे जास्त. हर्षलनं आपला अहवाल वडिलांच्या दुकानात वाचला होता. पहिला आक्षेप वडिलांचा होता: ‘आधी शटर उघड.’ पण पुढची अकरा पानं दुकानात पाईप घ्यायला आलेल्या शेतकऱ्यांची होती. कुणी बोअर किती फूट घेतलं, कितव्या फुटाला काय लागलं, आणि किती जण कोरडेच परतले. सरांनी ती दोनदा वाचली.

शनिवारी सकाळी ते प्राचार्यांकडे गेले आणि तक्रार मागे घेण्याचं पत्र ठेवलं. चार ओळींचं होतं. नमुना माझा होता, चूक माझी होती, मुलांनी प्रकल्प नव्यानं केले आहेत, मी ते वाचले आहेत.

काटेसरांनी पत्र वाचून कपाळाला हात लावला. “सर, फारच उघडंवाघडं झालंय. जरा एआयकडून मऊ करून घेऊ का?”

“नको. मऊ केलं की त्यात नदी येईल.”

चार वाजता पोर्टलवर चाळीस गुण भरून झाले होते. राहिली होती एक फाईल, रोहिणीची. सर दोन दिवस वाचून थकले होते, डोळ्यांत चुरचुरत होतं, आणि या वाचनाला तर ते स्वतः हजर होते. त्यांनी फाईल तळहातावर तोलली आणि लाल पेनानं अठरा लिहिलं.

“सर, आक्षेप आहे.”

रोहिणी दारात उभी होती.

“अगं, अठरा आहेत. पास झालीस. बी.एड.ला पुरतात.”

“ठाऊक आहे. पण तुम्ही उघडली नाही.”

सरांनी घड्याळ पाहिलं. पोर्टल बंद व्हायला पन्नास मिनिटं होती. त्यांनी चष्मा पुसला, समोरची खुर्ची दाखवली आणि पहिलं पान उघडलं. ती बसली. पंखा फिरत होता. सर वाचत गेले, मध्येच एकदा हसले, एकदा मागचं पान उलटून पुन्हा बघितलं. तेविसाव्या पानावर थांबले.

“हे काय? नवव्या पानावर कासरा साडेचार मीटर धरलाय, इथं पाच चाळीस. मारुतीच्या विहिरीचं पाणी सरपंचाच्या कासऱ्यानं मोजलंस?”

रोहिणीनं मान वाकडी करून पान पाहिलं. “अगं बाई. ते मी आप्पांच्या घरी बसून लिहिलं होतं.”

“छबूबाईला कळलं तर?”

“मारतील.”

सरांनी अठरावर रेघ मारली आणि शेजारी सतरा लिहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. रोहिणीनं तो आकडा नीट न्याहाळला, पिशवी खांद्याला लावली आणि ती उठली.

“आता बरोबर आहे,” ती म्हणाली. “सर, सोमवारी आण्णांची टोळी परत येतेय. गावात पुन्हा एकदा वाचायचंय, लोकसंख्या बदलणार.”

“किती वाजता?” मरकडसरांनी विचारलं, आणि मोजपट्टी पिशवीत आहे ना, ते चाचपून पाहिलं.